चित्राचा नाद आणि चित्रावरचं पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. मुलांची पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक, अधूनमधून मुखपृष्ठं. शाळांमधल्या कार्यशाळांत, प्रदर्शनांत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा गेली पंचवीस वर्षं मला साधारण हेच प्रश्न विचारले जातात. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. दुसऱ्या चित्रकाराला विचारलंत तर काही ठिकाणी वेगळं ऐकायला मिळेल, आणि तेही जरूर ऐका.

चित्राचा नाद असणं आणि चित्रकार होणं, यात नेमका फरक काय?

लहानपणी मी घोडे काढायचे. घोडे मला जमायचे, म्हणून घोडेच. बैल जमायचे नाहीत, म्हणून माझ्या चित्रांत बैल नव्हतेच. नादात ही मुभा असते. पुढे मला पहिलं पुस्तक मिळालं आणि त्यातली गोष्ट निघाली बैलपोळ्याची. सोळा पानं, आणि प्रत्येक पानावर बैल.

तीन रविवार मी बैलबाजारात जाऊन बसले. वशिंड खांद्याच्या नेमकं कुठे येतं, बैल बसताना आधी पुढचे पाय मुडपतो आणि उठताना आधी मागचा भाग कसा वर घेतो, खिल्लाराची शिंगं आधी मागे जाऊन मग वर कशी वळतात, हे सगळं तेव्हा पाहिलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझी वही हातात घेतली आणि म्हणाला, ‘बाई, हा बैल लंगडतोय.’ बरोबर होतं त्यांचं. मागचा पाय मी चुकीच्या जागी दुमडला होता.

चित्रकार होणं त्या बाजारात सुरू झालं असं मी मानते. नाद होता म्हणून तीन रविवार उन्हात बसता आलं. पण काय काढायचं, हे आता मी एकटी ठरवत नव्हते.

आमची मुलगी अभ्यासाच्या वहीतही सारखी चित्रं काढते. आम्ही काय करावं?

तिला वेगळे कागद द्या. एवढंच पुष्कळ आहे.

लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची गोष्ट गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. आईने एक कोरी वही आणून दिली आणि त्या वहीत त्यांनी गावातली माणसं काढायला सुरुवात केली. पाद्री, लग्नं, वाजंत्री, कुत्री, सगळं त्या रोजनिश्यांत आलं. पुढे मुंबईच्या वर्तमानपत्रांतून आणि साप्ताहिकांतून जे मारियो देशाने पाहिले, त्यांच्या चित्रांतली माणसांची गर्दी या वह्यांतून आलेली आहे. आईने भिंत वाचवली आणि मुलाचा हातही थांबू दिला नाही.

माझ्या घरी वह्या विकत आणणं परवडत नव्हतं. वडील एसटीत होते. घरात आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आई कापून, दोऱ्याने शिवून माझ्या हातात द्यायची. पाठकोऱ्या कागदाचा एक फायदा मला पुढे कळला. तो बिघडला तरी जिवाला लागत नाही, त्यामुळे हात मोकळा चालतो. महागड्या वहीसमोर आजही माझा हात आखडतो.

आणखी दोन गोष्टी. साठ रंगांची पेटी लगेच आणू नका. एक २बी, म्हणजे मऊ शिशाची, पेन्सिल आणि पाचसहा रंग बास. आणि मुलीने चित्र दाखवलं की ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. ओळखू आलं नाही, एवढंच तिला त्यातून ऐकू येतं. ‘यात काय चाललंय, मला सांग,’ म्हणा. ती दहा मिनिटं बोलत राहील.

मला माणसांचे हात काढता येत नाहीत. मी सगळ्यांचे हात खिशात दाखवतो. चालेल का? (इयत्ता पाचवी)

आत्ता चालेल. पण तुझा डावा हात तुझ्याजवळच आहे ना? तो फुकट बसलेला मॉडेल आहे. त्याला रोज एकदा काढ. कधी पेला धरलेला, कधी मूठ, कधी चिमटीत खडू. आधी बोटं काढू नकोस, आधी पूर्ण हाताचा आकार काढ, जणू हातमोजा घातलाय. बोटं नंतर वेगळी कर. महिन्याभराने पहिलं आणि शेवटचं चित्र शेजारी ठेवून बघ. आणि बाईंना दाखव.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात का?

द्याव्यात. कला संचालनालयाच्या या दोन ग्रेड परीक्षांमुळे महाराष्ट्रातल्या अगदी लहान गावातल्या मुलाच्या हातातसुद्धा एकदा तरी ड्रॉइंग बोर्ड आला आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती (मोजून-मापून काढायच्या भूमितीच्या आकृत्या) आणि अक्षरलेखन. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी अनेक जण बसतात, त्यात वाईट काही नाही. नियम त्या त्या वर्षीचे शाळेतल्या कलाशिक्षकांकडून समजून घ्या.

माझी तक्रार आहे ती तयारीच्या पद्धतीबद्दल. स्मरणचित्रासाठी ‘बाजार’, ‘बसस्टॉप’, ‘पाणवठा’ अशी चार चित्रं पाठ करून घेतली जातात. हजारो मुलं एकच बाई, एकच हंडा, एकच झाड काढतात. ज्या विषयाच्या नावातच स्मरण आहे, तिथे मुलाने स्वतः पाहिलेलं काही उरत नाही. पालकांनो, परीक्षेआधीच्या महिन्यात मुलाला घेऊन तासभर खऱ्या मंडईत उभे राहा. माणूस ओझं उचलताना कमरेतून कसा वाकतो, हे त्याने डोळ्यांनी पाहू दे.

कर्तव्यभूमिती कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नका. आजही मुखपृष्ठावर अक्षरं बसवताना मला तीच उपयोगी पडते.

दहावी-बारावीनंतर शिकायचं कुठे?

मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय, म्हणजे आपलं जे. जे., १८५७ पासून आहे. जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. धुरंधर, रझा, गायतोंडे हे चित्रकार तिथलेच. पण कलाशिक्षण म्हणजे फक्त जे. जे. नव्हे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत. पुण्यात अभिनव आहे. कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज, सांगलीत कलाविश्व. पणजीला आल्तिनोवर गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे. थोडं लांब जायची तयारी असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं ललित कला संकाय, जे १९५० साली सुरू झालं.

बारावीनंतर चार वर्षांचा बीएफए, म्हणजे कलेचा पदवी अभ्यासक्रम, असतो आणि त्याला प्रवेश परीक्षा असते. त्यात रेखा व रंगकला, उपयोजित कला, शिल्पकला अशा वाटा फुटतात. वर्तमानपत्र, जाहिरात, पुस्तकं, पॅकेजिंग याकडे ओढा असेल तर उपयोजित कला; चित्र हेच चित्र म्हणून करायचं असेल तर रेखा व रंगकला. या दोहोंमधली भिंत मात्र पातळ आहे. शिक्षक व्हायचं असेल तर एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. ॲनिमेशन, खेळणी, वस्तूंची रचना यात रस असेल तर अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांची माहिती काढा. त्यांच्या परीक्षांत नुसता हात पाहत नाहीत, विचार कसा करता तेही पाहतात.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या कामापुढे थांबा. सगळ्यांची चित्रं एकाच हातची वाटली तर दोनदा विचार करा.

प्रवेश मिळाला नाही तर?

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.ने प्रवेश नाकारला होता. मैसूरच्या महाराजा कॉलेजातून त्यांनी बी.ए. केलं, चित्रं काढत राहिले आणि त्यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस पुढे कित्येक दशकं लोकांनी चहाबरोबर वाचला.

ही गोष्ट मी मुलांना सांगते, पण अर्धीच सांगत नाही. लक्ष्मण नकारामुळे मोठे झाले नाहीत. नकार मिळाला त्या आठवड्यातही ते कावळे काढत असणार, असं मला त्यांच्या कावळ्यांकडे पाहून वाटतं.

मलाही मुंबईला पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही. जिल्ह्याच्या गावी एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स केला, मग कोल्हापूर. ते फुकट गेल्यासारखं वाटलेलं वर्ष मी एसटी स्टँडवर स्केचिंग करत घालवलं. माझ्या पुस्तकांतली निम्मी माणसं त्या स्टँडवरची आहेत.

कॉलेजला न जाता चित्रकार होता येतं का?

येतं. मारियो इतिहासाचे पदवीधर होते, चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्याकडे तर कुठलीच पदवी नव्हती. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत रेघा ओढून सांगायचं ते सांगू लागले, असं त्यांच्याविषयी सांगतात. वारल्यांचा लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चित्र, बायका लिहायच्या. म्हसे लग्नाविनाही रोज काढत राहिले. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ आणि बांबूची काडी. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण म्हसेंना काहीच शिकवलं गेलं नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. अख्ख्या जमातीची चित्रभाषा त्यांच्या अवतीभवती होती. ज्याला कॉलेज नको, त्याने आपली अशी शाळा शोधली पाहिजे: कुणी जाणतं माणूस, चार सोबती, आणि चूक तोंडावर सांगणारं कुणीतरी. तो बैलबाजारातला शेतकरी माझा परीक्षकच होता.

खरं सांगा, पोट भरतं का?

भरतं, पण उशिरा आणि वेडंवाकडं. पहिली तीन वर्षं मी पुण्यात जाहिरात संस्थेत नोकरी केली. दिवसा साबणाची खोकी, रात्री गोष्टींची चित्रं. नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षी सात महिने काम होतं आणि पाच महिने नव्हतं.

काम येतं कुठून? पाठ्यपुस्तकं आणि मुलांची पुस्तकं. ‘किशोर’सारखी मासिकं, जे १९७१ पासून बालभारती चालवते आणि ज्यात चित्र छापून येणं हे माझं शाळेतलं स्वप्न होतं. दिवाळी अंक: १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही आपली मोठी परंपरा आहे, आणि चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांनी तर घराघरात चित्र नेलं. दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यातच वाटली जातात, म्हणून ओळखी जूनच्या आधी करा. शिवाय खेळांचे आणि ॲनिमेशनचे स्टुडिओ, संग्रहालयं, आरोग्य आणि शेतीविषयक संस्थांची माहितीपत्रकं, भित्तिचित्रं, शिकवण्या. यातलं शेवटचं कमी प्रतीचं समजू नका. शिकवण्यांनी माझं घरभाडं चार वर्षं भरलं.

गॅलरी हा वेगळा मार्ग आहे. मुंबईच्या जहांगीर कलादालनासाठी अर्ज करून काही वर्षं थांबावं लागतं. तोवर गावातली कलादालनं आहेत, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आहे, आणि महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो.

दर ठरवताना आधी आपल्या घराचा हिशोब करा. समजा, घराला महिन्याला ३०,००० रुपये लागतात. प्रत्यक्ष चित्रं काढण्याचे दिवस मिळतात पंधरा. उरलेले बैठका, दुरुस्त्या, स्कॅनिंग आणि थकलेल्या पैशांच्या फोनांत जातात. म्हणजे दिवसाला २,००० रुपये ही तुमची तळरेषा झाली. त्यावर रंग-कागद, आजारपण आणि कामाविना जाणारे महिने मिळवा. मग चित्राला किती दिवस लागतील ते मोजा. हा आकडा ऐकून समोरचा दचकला तर दचकू दे, निदान तुम्हाला कुठे आणि किती सोडायचं हे तरी कळलेलं असतं. काम सुरू करताना काही रक्कम आगाऊ घ्या आणि किती दुरुस्त्या दरात येतात ते लिहून ठेवा. कंपन्या टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापून पैसे देतात. विवरणपत्र भरलं नाही तर त्यातून परत मिळण्यासारखे पैसेही तिथेच राहतात.

सध्याची नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रंच काढावीत का?

एवढ्यात नको. महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे. ते जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवत राहिले, आणि ते सांभाळून पुस्तकांची चित्रं, पोस्टकार्डं, मोठमोठी रंगचित्रं केली. पगाराने त्यांची कला बाटली नाही.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि निदान दोन ठिकाणांहून दुसऱ्यांदा काम आलं, की विचार करा. पहिल्यांदा काम ओळखीने येतं. दुसऱ्यांदा ते चित्रामुळे आणि वेळ पाळल्यामुळे येतं.

चित्र विकलं म्हणजे त्यावरचा माझा हक्क संपतो का?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून मीच इथे घातला आहे.

सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकासाठी मी ऋतूंची बारा चित्रं काढली, एका पुस्तकासाठी. दोन वर्षांनी तीच चित्रं मला एका किराणा दुकानातल्या दिनदर्शिकेवर दिसली. खाली माझं नाव नव्हतं. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, ‘पैसे दिले होते की.’ माझ्याकडे दाखवायला एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. मी त्या दुकानाबाहेर उभी राहून रडले, हे मला अजून आठवतं.

तेव्हा ठाऊक नव्हतं ते आता सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा हक्क मुळात काढणाऱ्याचा असतो आणि तो त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कागदावरचं मूळ चित्र विकणं आणि ते छापण्याचा हक्क देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. एक अपवाद नीट लक्षात ठेवा: कुणी पैसे देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा होतो. पगारी नोकरीत केलेलं काम साधारणपणे मालकाचं. पण हक्क दिल्यानंतरही ‘हे चित्र माझं आहे’ असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो.

मोठा वकिली करार जमत नसेल तर निदान एक ईमेल पाठवून होकार मागवा: कुठली चित्रं, कशासाठी, किती काळ, नाव कुठे छापणार. आणि ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले की दर वाढवा किंवा ते शब्द काढायला सांगा. मी सांगते, पुष्कळदा काढतात.

कागदावर काढावं की टॅबवर?

दोन्हीवर. कृतासारखं चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, स्वस्त पेन-टॅब्लेट पुरतो. छपाईसाठी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काम करा, आणि पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापताना मरतो हे ध्यानात ठेवा. पण पहिली दोन वर्षं कागद सोडू नका. टॅबवर रेघ मागे घेता येते, त्यामुळे रेघ ओढण्याआधी डोळा जो क्षणभर थांबतो, ती सवय लागत नाही.

आता यंत्रच चित्रं काढतं. मग मुलाला यात घालावं का?

काही कामं गेली आहेत, हे खरं आहे. जिथे कुणालाही ‘काहीतरी चित्र’ पुरत होतं, तिथे ती आधी गेली. मला याची काळजी वाटते, विशेषतः नव्या मुलांसाठी, कारण तीच छोटी कामं करत आम्ही शिकलो.

अलीकडे एका संपादकांनी यंत्राकडून करवून घेतलेलं वारीचं चित्र मला दाखवलं. सुंदर रंग होते. पण टाळकऱ्यांच्या हातात टाळ नव्हते, थाळ्या होत्या, आणि तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाईची मान ताठ नव्हती. डोक्यावर ओझं असलेली मान कशी असते, हे दिवे घाट चढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ते काम मला मिळालं. पुढच्या वर्षी यंत्र टाळही बरोबर काढेल. तरीही मुलाने स्वतः पाहावं, स्वतः काढावं असं मला वाटतं, कारण पाहणं शिकलेल्या माणसाला कामाची कितीतरी दारं उघडतात.

नातेवाईक फुकट चित्रं मागतात. काय सांगायचं?

आईवडील, भावंडं आणि ज्यांनी आपल्याला कधी जेवू घातलं ती माणसं, यांना आनंदाने द्या. बाकीच्यांना दर सांगा, तोही पहिल्याच वाक्यात.

लग्न, मुलं, नोकरी यांत पंचवीस वर्षं हात सुटला. आता पन्नाशीत पुन्हा जमेल का?

ही पत्रं बहुतेक बायकांची असतात. प्रत्येक पत्रात एक वाक्य असतंच: ‘शाळेत माझी ड्रॉइंग फार छान होती.’

हात सुटतो, डोळा सुटत नाही. पंचवीस वर्षं तुम्ही रांगोळी घातलीत, पोळी गोल लाटलीत, साडीला ब्लाउजचा रंग जुळवलात. पहिले तीन महिने रेघ कापेल आणि शाळेतली ‘छान’ रेघ आठवून वाईट वाटेल. त्या काळात चित्रं कुणालाही दाखवू नका, घरच्यांनाही नाही. रोज वीस मिनिटं, समोर जे असेल ते: फोडणीची पळी, वाळत घातलेले कपडे, झोपलेला नवरा. झोपलेली माणसं फार चांगले मॉडेल असतात. चौथ्या महिन्यात एखाद्या रविवारच्या स्केचिंग गटात जा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाशिकला गोदाकाठी, मुंबईत बाणगंगेला असे गट बसलेले दिसतात. तिथे वय कुणी विचारत नाही, रबर मात्र मागतात.

पैसे मिळतील का? माझ्या एका विद्यार्थिनीने बावन्नाव्या वर्षी सुरुवात केली. आज ती झाडापानांची चित्रं काढते, वनस्पतींवर लिहिणारे लोक तिच्याकडून घेतात. संसार चालेल इतके नाहीत, पण ते पैसे तिचे आहेत, आणि ती ते कागदावर उधळते.

कामाचं झाल्यावर चित्राची आवड मरत नाही का?

मरू शकते. माझी एकदा मेली होती, जवळजवळ वर्षभर. बारा तास चित्रं काढायचे आणि एकही पाहावंसं वाटायचं नाही. त्यातून बाहेर काढलं ते आईने. तिने माळ्यावरून लग्नपत्रिकांची एक जुनी वही काढून दिली. एका पानावर आठ घोडे होते, एकाला पाच पाय.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही असते, जिच्यातलं काहीही विकायचं नाही, छापायचं नाही, कुठे टाकायचं नाही. सकाळचा चहा आणि एक पान. कामाच्या चित्रांत बैल, ट्रॅक्टर, अणू, पचनसंस्था, सगळं येतं. त्या वहीत अजूनही घोडेच जास्त आहेत.

आमची चित्रं तुम्हाला दाखवता येतील का?

हो. कार्यशाळा किंवा प्रदर्शन असेल तिथे घेऊन या. निवडक दहा आणा, शंभर नकोत, आणि त्यांत दोन न जमलेली असू द्या. बोलायला तीच बरी पडतात. मोबाइलवरचे फोटो नको, कागद आणा. मला रबर कुठे चाललंय ते बघायचं असतं.